पाच म्हशींचा डोंगर

मोडी वाचता येणाऱ्या माणसाला निवृत्ती नसते. जमिनीच्या दप्तरातली नोकरी संपून मला काही वर्षं झाली, तरी अधूनमधून कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत जुने कागद गुंडाळून दारात उभं असतं. बहुतेकांना भावाचा हिस्सा खोटा ठरवायचा असतो. मी आधी चहा देते, मग कागद वाचते आणि जे वाटतं ते तोंडावर सांगते. त्यामुळे पुष्कळ जण पुन्हा येत नाहीत. मला त्याचं दुःख नाही.

तो आला तेव्हा त्याच्या केसांत कापसाचा भुसा अडकला होता. इचलकरंजीला यंत्रमागावरची पाळी संपवून तसाच एसटीत बसला होता. वय चाळिशीच्या आसपास, हातात पिशवी नाही, कागद नाही. मूळचा पन्हाळ्याच्या पलीकडच्या डोंगरातला, गवळी धनगर. वर त्यांचा धनगरवाडा, म्हणजे सात घरांची वस्ती. म्हशी पाळायच्या, दूधदुभतं खाली आणून विकायचं, एवढाच धंदा.

"आक्का, आमास्नी अतिक्रमण म्हणत्यात," तो म्हणाला. "आमी कवापास्नं हाय ते त्या डोंगरालाच इचारा म्हणावं."

डोंगराला विचारून वनहक्काचा दावा मंजूर होत नसतो, हे मी त्याला सांगितलं. पिढ्यान् पिढ्या तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो. त्यांचा दावा पुराव्याअभावी एकदा परत आला होता. आता शेवटची तपासणी व्हायची होती, आणि त्यात काही निघालं नाही तर सातही घरांनी डोंगर उतरायचा. उतरून जायचं कुठे, याचं उत्तर त्याच्यापाशी तयार होतं. तो स्वतःच ते उत्तर होता. मागाच्या खडखडाटात कान बधिर झालेला, भाड्याच्या खोलीत राहणारा.

"कागद हुता," तो म्हणाला. "आज्जा सांगायचा. जहागिरीनं दिल्याला. दरसाल घागरीतनं तूप जायचं खाली, त्यो आमचा खंड."

मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं, पण त्या तुपानं मी अडकले. खोटं सांगणारा माणूस रुपये सांगतो, तूप सांगत नाही.

जुन्या दप्तरखान्यात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायचे, धूळ झटकायची, वाचायचं, पुन्हा बांधायचं. त्या जहागिरीचे रुमाल कोणी बांधले होते कोण जाणे, एका गावाचा कागद दुसऱ्या गावात आणि तिसऱ्याचा कुठेच नाही. तिथल्या शिपायाशी माझं दोनदा भांडण झालं. तपासणीची तारीख जवळ येत होती आणि मागावरून त्याचा रोज फोन यायचा. मागे यंत्रांचा असा गदारोळ की त्याला माझं ऐकू जायचं नाही आणि मला त्याचं. "न्हाय अजून" एवढंच मी ओरडून सांगायची.

जहागिरीचा तो पट्टा सापडला तेव्हा मी ओरडले नाही. कागद आधी खाली ठेवला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. डोंगराचं नाव होतं, चारी सीमा होत्या, पूर्वेला ओढा, पश्चिमेला कडा. वस्तीच्या म्होरक्याच्या नावानं डोंगर म्हशींच्या चराईला आणि राहण्याला दिला होता आणि खंड तुपाचा. तूप किती ते जिथे लिहिलं होतं नेमकं तिथेच कसरीनं खाल्लं होतं. कसरीलाही तूप आवडत असावं. म्होरक्याचं नाव याच्या वडिलांच्या पणजोबांचं. मी त्याला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच दप्तरखान्यात आनंदानं आवाज चढवला.

तो आनंद दोन दिवस टिकला. तपासणी ज्यांच्याकडे होती ते साहेब पन्हाळ्याच्या कचेरीत बसत. खालच्या नदीकाठच्या शेतकरी घरातला माणूस, बोलणं हळू, घाई नाही. मी केलेलं बाळबोध लिप्यंतर त्यांनी सावकाश वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, इथे म्हशी पाच लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. मीच वाचलं होतं, मीच उतरवलं होतं. सीमा आणि नाव यांच्या नादात त्या दोन शब्दांवरून माझी नजर घसरली होती.

"पाच म्हशी म्हणजे एक घर," साहेब म्हणाले. "एकाच घराला पट्टा दिला होता, असंच मी वाचणार. आता तिथे सात घरं आहेत. सगळ्यांची आडनावं वेगळी. म्हणजे बाकीची सहा मागाहून आलेली. ज्याच्या पणजोबाचं नाव आहे त्या एका घराची शिफारस मी आत्ता करू शकतो. बाकीच्यांचं अवघड आहे."

वस्तीच्या वतीनं म्होरक्यानंच कागद करायची पद्धत असे, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सात घरांच्या मिळून पाच म्हशी? जगत होते कशावर?" मी लिप्यंतर माझ्याकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचली. ते म्हणाले, मी वर येईन, घरटी जबाब घेईन, आणि जे दिसेल ते लिहीन. वाईट माणूस असता तर मी भांडले असते. सरळ माणसाशी कसं भांडायचं, तेच कळेना.

तपासणीच्या आधीच्या रविवारी मी वर गेले. जीप पायथ्याशी सोडली आणि पुढे कारवीच्या झुडपांतून चढण. तो पुढे, मी धापा टाकत मागे. वर सडा, म्हणजे जांभ्या खडकाचा उघडा, सपाट माथा, त्याच्या काठाला झाडीत सात घरं. त्याचे वडील दारात बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हटलं. किडकिडीत, ताठ, डोक्याला पटका, आणि नजर समोरच्या माणसावर नसून त्याच्या मागे चरणाऱ्या जनावरावर.

मी पाणी पिऊन सरळ मुद्द्यावर आले. "आबा, म्हशी किती तुमच्या?"

"पाच," आबा म्हणाले.

त्यांच्या घरामागच्या गोठ्यातली दावीच पाचाहून जास्त होती. समोर रवंथ करत बसलेली जनावरं तर मोजायचीसुद्धा गरज नव्हती. माझं डोकं फिरलं. आठवडेच्या आठवडे मी या माणसांसाठी धूळ खाल्ली आणि हे माझ्याशीच खोटं बोलतात! मी म्हणाले, "मला फसवायचं असेल तर मी ही चालले. साहेबाला काय ते सांगा."

शेजारच्या घरातली बाई दळण टाकून बाहेर आली होती. मी तिच्याकडे वळले. "तुमच्या किती?" तिच्या दारात दोन म्हशी आणि एक रेडकू.

"पाच हायती की," ती म्हणाली.

तेव्हा कुठे त्याच्या, माझ्या मागवाल्याच्या, ध्यानात आलं. "आक्का, रागावू नगासा. जनावर मोजत न्हाईत आमच्यात. मोजलं की दिष्ट लागती, कमी व्हत जातंय. कुणीबी इचारलं तर पाच म्हणायचं. दोन आसली तरी पाच, धा आसली तरी पाच."

"मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"त्यात सांगायचं काय?" तो खरोखरच गोंधळून म्हणाला. "आमी जेवताना उजवा हात वापरतो, त्ये सांगतो व्हय कुणाला?"

मी तिथेच सड्यावर बसले. जहागिरीचा कारकून असाच धापा टाकत इथे आला असेल. त्यानं विचारलं असेल, म्हशी किती, आणि म्होरक्यानं आपल्या सगळ्या वस्तीची जनावरं डोळ्यांनी राखत सांगितलं असेल, पाच. कारकुनानं लिहिलं पाच. मी जन्मभर कारकुनीच केली, मीही तेच लिहिलं असतं. त्या माणसानं म्हशी वाचवल्या आणि त्यापायी आज पतवंडांचा डोंगर चालला होता.

मग मी सगळ्यांना गोळा करून समजावलं. जितकं सोपं करता येईल तितकं. साहेब येतील, घरोघर विचारतील. खरा आकडा सांगितलात तर मला म्हणता येईल की बघा, ही माणसं सवयीनं पाच म्हणतात, पट्ट्यातले पाच तसलेच. नाही सांगितलात तर सहा घरं उठणार. आबांचं एक राहील.

एका माणसानं पायानं खडा उडवला. मग शेजारची तीच बाई म्हणाली, "आबा, तुमचं तरी हुंदे. तुमी आकडा नगा काढू तोंडातनं. तुमचं घर ऱ्हाईल. आमी बघू काय त्ये."

हे तिनं मनापासून म्हटलं, आणि म्हणूनच ते ऐकवेना. आबांना काहीच करायचं नव्हतं. नेहमीसारखं पाच म्हणून गप्प बसलं की घर त्यांचं, डोंगराचा तुकडा त्यांचा, म्हशीही सुखरूप. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते उठले, म्हशीच्या पाठीवरची गोमाशी उडवली आणि म्हणाले, "बगू."

त्या एका शब्दावर मी डोंगर उतरले. पुढचे चार दिवस घरात मी सगळ्यांवर खेकसत होते.

तपासणीच्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही वर पोचलो. साहेब, त्यांचा लेखनिक, वनखात्याचा एक माणूस आणि मी. वस्तीच्या म्हशी एकत्रच पाणवठ्यावर होत्या, अर्ध्या चिखलात, अर्ध्या पाण्यात. कोणाची कोणती, ते फक्त त्यांनाच कळत होतं. वनखात्याच्या माणसानं बोट नाचवत मोजायला सुरुवात केली, तशी काठावरच्या दोन बायकांनी तोंडं फिरवली. त्याच्या मोजण्यात एक म्हैस दोनदा आली आणि त्यानं नाद सोडला.

"ते राहू दे," साहेब म्हणाले. "मला ज्याच्या त्याच्या तोंडचा जबाब हवा. मी मोजलेलं चालत नाही."

पहिलं घर. "म्हशी किती?" घरधन्यानं माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, घसा खाकरला. "पाच."

दुसरं घर. "पाच."

इतकं सगळं सांगितलं होतं ना? समजावलं होतं ना? पण त्या माणसाचे ओठ मी पाहत होते. तो खरा आकडा म्हणायला गेला होता, आणि जिभेनं ऐनवेळी दगा दिला होता. तिसऱ्या घरात ती दळणवाली बाई. तिनं पदर तोंडाशी धरला आणि त्यातूनच पुटपुटली, "पाच."

साहेबांनी लेखनिकाला थांबवलं. "हे काय चाललंय? पढवून ठेवलंय का यांना?" ते माझ्याकडे वळले. वनखात्याचा माणूस हसला. त्याच्या हसण्यानं मला सुचलं म्हणा किंवा राग आला म्हणा, पण मी बोलले. भर सड्यावर, सगळ्यांसमोर.

"पढवलंय. मीच पढवलंय. खरा आकडा सांगा म्हणून पढवलंय, आणि तरी त्यांच्या तोंडून निघत नाही. साहेब, या बाईंच्या दारात दोन म्हशी आहेत. दोन असताना पाच सांगून तिचा काय फायदा? पट्टा झाला त्या दिवशीही म्होरक्या हेच म्हणाला. हा आकडाच नाही."

साहेबांनी पाण्यातल्या म्हशींकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं मला कळतंय. आमची आई अजून कोंबड्या मोजू देत नाही. पण मी कागदावर लिहू काय? पाच म्हणजे पाच नव्हे? वरचा माणूस मला वेड्यात काढील. पाच हा बोलण्यातला आणि खरा आकडा वेगळा, हे निदान एका तरी जबाबात आलं पाहिजे. ज्याच्या पणजोबानं पट्टा केला, त्यानंच सांगावं."

सगळे आबांकडे बघायला लागले. मुलगा म्हणाला, "आबा, मी सांगतो. मी ऱ्हातोय इचलकरंजीत, मला काय दिष्ट लागणार हाय." साहेबांनी मान हलवली. म्हशी मुलाच्या नव्हत्या.

आबा पाणवठ्याच्या काठावर उभे होते. साहेबांनीच मग आवाज खाली आणून सांगितलं, "आबा, आमच्या खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. तुम्हीही तसंच म्हणा. म्हणजे बाधणार नाही."

किती चांगली पळवाट होती ती. मला वाटलं, सुटलो. आबांनी थोडा विचार केला.

"लाभ धान्याला, सायब," ते म्हणाले. "म्हशीला न्हाय. मोजायचं तर मोजायचं. देवाला बनवून काय मोजायचं?"

त्यांनी पटका काढून खांद्यावर टाकला. टाळूला जीभ लावून एक विचित्र आवाज काढला, आणि त्या सगळ्या काळ्या पाठींतून फक्त त्यांच्याच म्हशी माना वर करून बाहेर यायला लागल्या. पहिली आली, मोठी, शिंगं मागे वळलेली. आबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"येक," ते म्हणाले.

त्यांचा आवाज चाचरला नाही. दुसरी आली, तिच्या कपाळावर हात. "दोन." बायकांपैकी कोणीतरी रडायला लागलं. मीही माझ्या पिशवीत रुमाल शोधत होते. मी देवभोळी नाही, दृष्टबिष्ट मानत नाही, पण तेव्हा मला त्या माणसाचं तोंड हातानं बंद करावंसं वाटत होतं. ते मोजत गेले, एकेकीला हात लावून, शेवटच्या पारडीपर्यंत. किती झाल्या ते मी इथे लिहीत नाही. जबाबात आहे, तेवढं पुरे.

मग बाकीची घरंही पुढे आली. दळणवाल्या बाईनं आपल्या दोन्ही मोजल्या आणि रेडकूही धरलं. लेखनिकाच्या मागे उभी राहून मी वाचलं. साहेबांनी शेरा असा दिला होता, की विचारले असता सर्व घरे प्रथम पाच असेच सांगतात, प्रत्यक्ष मोजणीत निराळे आकडे येतात, ही या लोकांची जुनी रीत दिसते, सबब पट्ट्यातील आकडा एका घराचा धरता येत नाही. सरकारी कागदात इतकं समंजस वाक्य मी क्वचित वाचलं असेल.

मंजुरीला वेळ लागला. मध्ये एकदा कागद परत आला, पुन्हा गेला. मागवाल्याचे फोन चालूच होते. शेवटी हुकूम आला तेव्हा वळवाचे दिवस होते. सातही घरांची नावं होती. मी त्याला घेऊन वर गेले, आणि सड्यावर सगळ्यांना बसवून एकेक नाव मोठ्यानं वाचलं. प्रत्येक नावाला त्या घरातून कोणीतरी "व्हय" म्हणत होतं, शाळेत हजेरी द्यावी तसं. दळणवाल्या बाईनं आपलं नाव दोनदा वाचायला लावलं.

आबांनी फक्त एवढंच विचारलं, "समदी आली न्हवं?"

"सगळी आली, आबा. सातही."

"झालं तर."

ते म्हणाले तसं समाधानानंच, पण उठले नाहीत. त्यांच्या गोठ्यात ती मोठी, मागे वळलेल्या शिंगांची म्हैस दिसेना. मी मुलाकडे पाहिलं. त्यानं मला बाजूला नेऊन सांगितलं. वळवाची एक सर येऊन गेली, सडा निसरडा झाला, आणि संध्याकाळी परतताना ती कड्यावरून गेली. सगळ्या कळपाला वाट दाखवणारी तीच होती. आबा दोन दिवस जेवले नव्हते.

मला राहवलं नाही. शेजारी जाऊन बसले आणि माझ्या नेहमीच्या ठाम आवाजात सुरू केलं. "आबा, मोजल्यामुळे नाही गेली ती. सडा ओला होता, पाय घसरला. मोजली नसती तरी घसरली असती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या भेटींत पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे.

"आक्का, तुमी शिकल्याल्या," ते म्हणाले. "तुमचं खरं आसंल. पर मला तसं सांगू नगा. उगंच गेली म्हणलं की जीव लई तुटतो. सात घरांपायी गेली म्हणलं, म्हंजी जरा सोसतंय."

त्यांच्या सुनेनं ताकाचा गडू आणून पुढ्यात ठेवला, तो मी घेतला आणि तिथेच त्यांच्याजवळ बसून राहिले.